परतीची तार

ड्रायव्हिंग क्लासच्या सातव्या दिवशी सरांनी पहिल्यांदा त्यांच्या बाजूच्या क्लचवरचा पाय काढला, दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले आणि म्हणाले, "आजपासून सगळं तुम्ही करायचं. मी इथे नाहीच असं समजा."

मी आरसा बघितला, हँडब्रेक बघितला, गिअर हलवून न्यूट्रलची खात्री केली आणि चावी फिरवली. कट् असा एकच आवाज आला. गाडी ढिम्म.

"परत मारा."

कट्.

"परत."

कट्.

सर पुढे सरसावून बसले, सवयीप्रमाणे पाय पुन्हा क्लचवर गेला, आणि म्हणाले, "आता जरा दम लावून फिरवा." मी फिरवली. इंजिन कण्हत कण्हत दोन गिरक्या घेऊन चालू झालं.

"बघितलं? तुमचा हात हलका आहे, मॅडम. चावीला घाबरायचं नाय."

मला ते लागलं. हलका हात हे माझ्याबद्दल आजवर कुणी बोललं नव्हतं. टेलिफोन खात्यात मी चौतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी बिघाड विभागात. फोन बंद पडला की लोक तक्रार नोंदवायचे आणि ती तक्रार माझ्यासमोर यायची. लाइन कुठे तुटली, कुठे पाणी शिरलं, कुठला जोड सडला हे टेबलावर बसून शोधायचं आणि माणूस नेमक्या जागी पाठवायचा. कधी माणूस नसला तर मीच जायची. साडीचा पदर खोचून केबलच्या खड्ड्यात उतरलेली मी बाई. मानखुर्दला वाढले, वडील बुलढाण्याकडून आलेले, घरात वायर जोडायची असो की पंखा उतरवायचा, स्टुलावर मीच चढायची.

निवृत्तीनंतर आम्ही मालाडला राहतो. मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि तिची गाडी आमच्या सोसायटीत ठेवून गेली. नवऱ्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्याने चालवायचा प्रश्नच नव्हता. तो म्हणाला, "विकून टाकू." मी म्हटलं, "मी शिकते." बुद्धविहाराच्या कमिटीतल्या मित्रांना ही बातमी त्याने त्याच संध्याकाळी सांगून टाकली. म्हणजे आता माघार घ्यायची सोय उरली नाही.

सर माझ्याच वयाचे. मालाडमधल्या जुन्या गावठाणातलं त्यांचं ख्रिस्ती कुटुंब. वाडवडील शेती करायचे, सरांनी आयुष्यभर गाडी शिकवली. एकच गाडी, एकच शिक्षक. गाडी सतरा वर्षांची, पांढरी, पुढे-मागे लाल एल, आणि डावीकडे सरांसाठी जोडून घेतलेले क्लच आणि ब्रेक. शिकवायचे मात्र मनापासून. सकाळी साडेसहाला मला घ्यायचे आणि आरे कॉलनीच्या रस्त्यांवर न्यायचे, कारण तिथे सकाळी चुका करायला जागा असते.

त्या दिवसानंतर रोज तेच झालं. कधी चौथ्या प्रयत्नात गाडी चालू, कधी सहाव्या. सर पुढे होऊन "दम लावा" म्हणाले की बहुतेक वेळा चालू व्हायची, म्हणजे सरांचं म्हणणंच खरं ठरायचं. शिवाय दुसरी एक तक्रार होती. क्लच सोडताना माझ्याकडून गाडी उडी मारायची. पेडल मला अडकत अडकत येतंय असं वाटायचं. मी तसं सांगितलं तर सर म्हणाले, "पाय जड पडतोय तुमचा. वयाने होतं तसं."

हात हलका आणि पाय जड. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो इतका हसला की चहा सांडला.

दहाव्या दिवशी आरेमध्ये तबेल्यांच्या अलीकडे गाडी बंद पडली. बंद मीच पाडली होती, वळणावर क्लच लवकर सोडून. पण चालू करायला गेले तर कट्. सरांनी दम लावायला सांगितलं, मी लावला. कट्. सर स्वतः माझ्या जागी येऊन बसले. कट्, कट्, कट्. मागे म्हशींचा चारा घेऊन निघालेला टेम्पो अडकला. टेम्पोतले दोघे उतरले, मीही पदर खोचला आणि आम्ही तिघांनी धक्का मारला. उतारावर सरांनी गिअर टाकून क्लच सोडला आणि गाडी धडधडत चालू झाली.

परत येताना मी विचारलं, "सर, आता तर तुमच्याही हातून झाली नाही."

"जुनी आहे," ते म्हणाले. "बॅटरी नवीन टाकली. सेल्फ खोलून ब्रश बदलले. तरी हिची नाटकं चालूच. दोन-अडीच महिने झाले. मुलं कंटाळून क्लास सोडतात."

"मी बघू का?"

"काय?"

"बिघाड. मी तेच काम केलंय."

"मॅडम, तुमी फोनचं काम केलंय."

"वीज तीच असते, सर. तारेत शिरल्यावर ती मालकाचं नाव विचारत नाही."

सर हसले, आणि रविवारी आम्ही चर्चहून आल्यावर घरी या म्हणाले. मला वाटतं, त्यांना नाही म्हणता आलं नाही म्हणून.

रविवारी मी माझं जुनं पिवळं मीटर नवा सेल घालून घेऊन गेले. सरांचं घर बैठं, पुढे छोटं अंगण, अंगणात गाडी. सरांच्या मिसेस मला बघून म्हणाल्या, "ताई, ही गाडी म्हणजे माझी सवत आहे. हिचं काय ते एकदाचं करा." मी बॉनेट उघडलं. बॅटरी बारा पॉइंट सहा व्होल्ट, उत्तम. हेडलाइट लावले आणि सरांना चावी फिरवायला सांगितलं. कट् आवाज आला, पण दिवे जसेच्या तसे प्रखर राहिले.

हे महत्त्वाचं होतं. सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिली गिरकी देणारी मोटर, ती फिरायला प्रचंड करंट ओढते. ओढला असता तर दिवे मंदावले असते. दिवे मंदावत नाहीत म्हणजे करंट वाहतच नाही, म्हणजे वाटेत कुठेतरी अडथळा आहे. इथवर माझं बरोबर होतं. मग मी चावीची बैठक हलवून बघितली, ती खिळखिळी होती, आणि मी तिथेच निकाल दिला.

"चावीचा स्विच गेलाय. आतले पॉइंट झिजलेत. म्हणून दम लावल्यावर चालू होते."

इतक्या ठामपणे बोलले की सरांनी दुसऱ्याच दिवशी नवा स्विच बसवून घेतला. मंगळवारी सकाळी मी ऐटीत गाडीत बसले, नवी कोरी चावी फिरवली.

कट्.

सरांनी नव्या स्विचकडे बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "चला, दम लावा," पाय क्लचवर ठेवला, आणि गाडी कण्हत चालू झाली. त्या दिवशी आरेच्या सगळ्या वळणांवर मी गाडी नीट घेतली, पण मन तिथे नव्हतं.

घरी येऊन मेथी निवडायला बसले. असा निकाल मी ऑफिसात दिला असता तर माझ्याच हाताखालच्या पोरींनी मला जाब विचारला असता. स्विचला मीटर लावून बघितलं होतं का मी? नाही. अंदाज बांधला आणि खरा मानला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, टेबलावर तक्रार आल्यावर जो प्रश्न आम्ही सगळ्यात आधी विचारायचो तोच मी विचारला नव्हता. लाइन अचानक गेली तर पहिल्यांदा विचारायचं, तिथे शेवटचं कोण खोदून गेलं? गटारवाले, रस्तेवाले, कोणीतरी खोदून गेलेलंच असायचं. निम्मे बिघाड तिथेच सापडायचे.

मेथी तशीच ठेवून मी सरांना फोन लावला.

"सर, हा त्रास सुरू व्हायच्या आधी गाडी शेवटची कधी खोलली होती?"

"खोलली म्हणजे... क्लच प्लेट बदलली ना. शिकणारे जाळतात प्लेट. तेव्हाच मी ठरवलं, चालू करताना क्लच दाबायचा नाय, न्यूट्रल बघायचं फक्त. उगाच पाय नको त्याच्यावर."

"हे कधी?"

"अडीच महिने झाले असतील."

"आणि गाडी त्रास कधीपासून देते?"

पलीकडे सरांनी बायकोला कुकर बंद करायला सांगितलं.

"मॅडम," सर म्हणाले, "रविवारी या."

मधले चार दिवस मी फक्त एकाच गोष्टीचा विचार करत होते. टेलिफोनला दोन तारा लागतात, एक जाणारी आणि एक येणारी. एकच चांगली असून भागत नाही. गाडीत मात्र जायला जाड केबल असते आणि परत यायला वेगळी तार नसते, सगळं लोखंडच परतीचा रस्ता असतो. सेल्फमधला करंट इंजिनात उतरतो, इंजिनातून गाडीच्या अंगात येतो आणि तिथून बॅटरीच्या मायनसला मिळतो. पण इंजिन रबरावर बसवलेलं असतं, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून गाडीच्या अंगापर्यंत एक विणलेली तांब्याची पट्टी जोडलेली असते. क्लच प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. आणि गिअरबॉक्स उतरवायचा तर ती पट्टी सोडावी लागते.

रविवारी मी निकाल दिला नाही. मीटरची एक टोचणी बॅटरीच्या मायनसला लावली, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरली. पट्टी ठीक असेल तर चावी फिरवताना इथे जवळजवळ शून्य दिसायला हवं.

"फिरवा सर."

कट्. मीटरवर नऊ व्होल्ट. बॅटरीची जवळजवळ सगळी ताकद परतीच्या वाटेवरच मरत होती.

"आता तुम्ही माझ्याकडून ज्या पद्धतीने चालू करून घेता, तसं करा."

सर गोंधळले. "म्हणजे कसं?"

"डावीकडे बसा. चावी मी फिरवते."

मिसेसना मी मीटर धरायला दिलं, टोचण्या कुठे टेकवायच्या ते दाखवलं, आणि आकडा मोठ्याने वाचायला सांगितलं. मी ड्रायव्हरच्या जागेवर बसले. सर पुढे सरसावले, पाय गेला क्लचवर, आणि माझ्या पायाशी माझं पेडल आपोआप खाली गेलेलं मी बघितलं. इतके दिवस ते तसंच खाली जात होतं आणि मी समोर रस्त्याकडे बघत होते.

"दम लावा," सर म्हणाले.

मी चावी अगदी दोन बोटांनी फिरवली. इंजिन कण्हत फिरलं आणि चालू झालं.

"चार होतं!" मिसेस बाहेरून ओरडल्या. "चार, मग पळालं!"

मी गाडी बंद केली. "सर, पाय काढा." कट्. "नऊ!" "पाय ठेवा." चालू. "चार!" असं आम्ही तीनदा केलं. तिसऱ्या वेळी सर क्लचकडे बघत राहिले.

"हा काय प्रकार आहे?"

"क्लचची केबल," मी म्हटलं. "लोखंडी दोर आहे ती. एक टोक पेडलला, दुसरं गिअरबॉक्सला. परतायचा खरा रस्ता तुटलाय, म्हणून करंट या दोरातून परततोय. क्लच दाबला की दोर ताणला जातो, टोकं घट्ट बसतात आणि जेमतेम रस्ता मिळतो. सोडला की तोही नाही."

मी बॉनेटखाली हात घालून केबल चाचपली. गरम होती. वरचं प्लॅस्टिक एका जागी वितळून फोड आल्यासारखं झालं होतं. मी सरांना हात लावून बघायला सांगितलं.

"अडीच महिने भाजतेय ही आतून. पेडल अडकत येणारच."

सरांनी फोडावरून बोट फिरवलं. "म्हणजे तुमचा पाय..."

"चांगला आहे माझा पाय."

"आणि हात पण," मिसेस म्हणाल्या. त्या मीटर सोडायला तयार नव्हत्या.

खात्री म्हणून शेजाऱ्याकडून जंपर केबल आणली, एक चिमटा बॅटरीच्या मायनसला आणि दुसरा इंजिनला लावला. सरांनी दोन्ही पाय वर उचलून धरले आणि मी चावी फिरवली. गाडी अशी चटकन चालू झाली की अंगणातलं मांजर उडी मारून पळालं. सर टाळ्या वाजवायचेच बाकी होते. "झकास! नवी होती ना, तेव्हा अशी व्हायची!"

मी विचारलं, "क्लच प्लेट कोणी बदलली होती?"

यावर नवराबायकोने एकमेकांकडे बघितलं. सर हळू आवाजात म्हणाले, "जाऊ दे मॅडम, पट्टी आपण दुसऱ्या कोणाकडून लावून घेऊ."

"का जाऊ दे?" मिसेस म्हणाल्या. "माझ्या भावाने बदलली. दोन गल्ल्या सोडून गॅरेज आहे त्याचं. थांबा, बोलावते." आणि त्यांनी तिथेच फोन लावला. "तू जेवायचा थांब. इकडे ये आधी."

भाऊ आला तो चर्चच्या इस्त्रीच्या शर्टातच. पन्नाशीचा, धिप्पाड माणूस. सरांनी काय झालं ते सांगायला सुरुवात केली, पण शब्द इतके जपून वापरले की त्याला काही कळेना. शेवटी मीच सांगितलं.

"पट्टी मी लावली होती," तो लगेच म्हणाला. "वीस वर्षं गिअरबॉक्स उतरवतोय. पट्टी विसरेन मी?"

"विसरला असं मी म्हणत नाही," मी म्हटलं. "तिथे नऊ व्होल्ट का दिसतात, एवढंच मला कळत नाही. तुम्ही बघा. मला खाली शिरता येत नाही."

ते खरंही होतं, गुडघे दुखतात माझे. त्याने मीटर बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग शर्ट काढून खुर्चीवर ठेवला, गोणपाट अंथरलं, जॅक लावला, खाली दोन ठोकळे ठेवले आणि बनियनवर गाडीखाली गेला. बराच वेळ नुसते त्याचे पाय दिसत होते. खालून टॉर्चचा उजेड हलत होता, मग तो एका जागी थांबला.

"ताई," तो खालून म्हणाला. मला की बहिणीला ते कळलं नाही, आम्ही दोघी वाकलो. "सुरी द्या एक."

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात सुतळीचा एक काळा पडलेला तुकडा होता.

"काम करताना पट्टी मध्ये येऊ नये म्हणून बांधून ठेवली होती वर," तो म्हणाला. "सोडायची राहिली. माझीच गाठ आहे."

सर घसा खाकरून म्हणाले, "होतं रे. तू एकटा असतोस गॅरेजमध्ये."

"होतं कसं? तुम्ही माझ्याकडेच ब्रश बदलायला आलात, तेव्हा पण मी बघितलं नाही."

माझ्या नव्या स्विचची गोष्ट मी तिथे मुद्दाम सांगितली. म्हटलं, मी मीटर हातात असून चावीवर निकाल दिला, तुमची तर नुसती गाठ राहिली. तेव्हा तो पहिल्यांदा जरा हसला. मग त्याने पट्टीचं टोक आणि गिअरबॉक्सवरची जागा तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासली, बोल्ट घट्ट आवळला, वरून व्हॅसलीन लावलं. मी पुन्हा मीटर लावलं. चावी फिरवताना पॉइंट दोन. आमच्या वेळी असा आकडा आला की रजिस्टरवर सही करून पुढची तक्रार घ्यायचो. जेवल्याशिवाय मिसेसनी कोणालाच सोडलं नाही, आणि भावाने दुसऱ्या दिवशी क्लचची नवी केबल आणून बसवली.

त्यानंतरच्या सकाळी सर नेहमीसारखे घ्यायला आले. आरेच्या नाक्यावर सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले, "एक मुलगी होती, मॅडम. नर्स होती. तिला मी असंच बोललो, तुमच्यात दम नाय. त्यानंतर पाच दिवसांत क्लास सोडून गेली. मला वाटलं, आळशी आहे."

"नंबर आहे ना तिचा? फोन करा."

"आता काय बोलू?"

"झालं ते सांगा. चावी, पट्टी, सुतळी, सगळं."

त्यांनी खरंच फोन केला. दुपारी मला सांगितलं, ती खूप हसली म्हणे. तिने दुसऱ्या क्लासमधून कधीच लायसन्स काढलंय. उलट तिनेच विचारलं, तुमचा क्लास अजून चालू आहे ना, माझ्या भावाला पाठवते. सरांना त्याचा आनंद झाला होता आणि थोडी लाजही वाटत होती.

नव्या केबलवर क्लच लोण्यासारखा उतरू लागला. तीन आठवड्यांत मी चढावावर गाडी मागे न सरकवता उचलायला शिकले. टेस्टच्या दिवशी इन्स्पेक्टरने मुद्दाम चढावावर थांबवून इंजिन बंद करायला लावलं आणि चालू करा म्हणाला. मी चावी फिरवली, एका झटक्यात चालू. त्याने कागदावर खूण केली. सर बाहेर भिंतीला टेकून उभे होते. मी पास झाल्याचं कळल्यावर त्यांनी आधी बायकोला फोन केला, मग मला म्हणाले, "आता तुमच्या मिस्टरांना सांगा, पेढे घेऊन या."

मिस्टरांनी पेढे आणले. मुलीची गाडी आता मीच चालवते. बाजारात, बँकेत, कधी पार मुलुंडला बहिणीकडे. मागे घेऊन दोन गाड्यांच्या मध्ये लावायला मला अजून नीट जमत नाही, वॉचमनला उभं करावं लागतं. तेही येईल.